मूळ प्रत नसलेलं यंत्र

प्लास्टिकच्या किटची समीक्षा करायची एक जुनी, सरळ रीत आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाचं नवं किट आलं, की जाणकार खोकं उघडतो, पंख मोजतो, आलेल्या मापाला 72 ने किंवा 48 ने गुणतो आणि संग्रहालयात उभ्या असलेल्या विमानाशी ताडून पाहतो. नाक जरा बोजड झालंय, चाकांच्या खोबणी उथळ आहेत, रिव्हेट नको इतके ठळक आहेत. अशा समीक्षकांना त्यांच्याच गोतावळ्यात 'रिव्हेट मोजणारे' म्हणून चिडवलं जातं. पण चिडवणाऱ्यालाही हे मान्य असतं, की त्यांच्या पायाखाली जमीन आहे. विमान खरोखर होतं. त्याचे आराखडे आहेत, छायाचित्रं आहेत, उरलीसुरली धुडं आहेत. किट चुकलं की चुकलं.

आता हीच रीत 'आरएक्स-78-2 गंडम' या यंत्रमानवाला लावून पाहा. उंची 18 मीटर, नुसत्या देहाचं वजन 43.4 टन, इंधन आणि शस्त्रांसह 60 टन. आकडे इतके नेमके, की कुणीतरी काट्यावर चढवून वजन केलं असावं असं वाटतं. प्रत्यक्षात तो 1979 साली जपानच्या दूरचित्रवाणीवर आलेल्या 'मोबाइल सूट गंडम' या चित्रमालिकेत हाताने काढलेल्या हजारो चित्रांत आहे, आणि त्या चित्रांबाहेर कुठेही नव्हता. मग त्याचं किट 'बरोबर' आहे की 'चूक', हे कशाशी ताडून ठरवायचं?

हा प्रश्न खेळण्यांच्या दुकानातला वाटेल. मला तो पाठचिकित्सेचा वाटतो, आणि मराठी वाचकाला पाठचिकित्सेची भीती वाटायचं कारण नाही. एकनाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि पुढे कुणी त्यात भर घालू नये असं बजावलं, तेव्हा त्यांच्यासमोर निदान एक श्रद्धा होती, की या सगळ्या प्रतींमागे एक मूळ आहे. गंडमच्या बाबतीत तीही सोय नाही. इथे 1980 पासून निघालेली किटं म्हणजे फक्त पाठभेद आहेत. मूळ प्रत नाहीच. म्हणूनच प्रत्येक किट हे त्या यंत्राचं एक वाचन असतं, आणि समीक्षकाने 'हुबेहूब आहे का' हे न विचारता 'कसं वाचलंय' हे विचारावं, असं माझं म्हणणं आहे.

आधी थोडा इतिहास सांगायला हवा, कारण या यंत्राच्या अंगावरच तो लिहिलेला आहे. मालिकेचे दिग्दर्शक योशियुकी तोमिनो, यंत्रांचे रेखाटनकार कुनिओ ओकावारा, पात्रांचे रेखाटनकार योशिकाझु यासुहिको. त्याआधीच्या जपानी मालिकांतले अजस्र यंत्रमानव देवळातल्या द्वारपालांसारखे होते. एकमेव, अजिंक्य, नाव घेऊन हाका मारावी असे. तोमिनोंनी यंत्रमानवाला शस्त्र केलं. ते कारखान्यात बनतं, त्याला दारूगोळा लागतो, ते बिघडतं, आणि शत्रूकडे तसल्याच यंत्रांची फौज असते. आत बसतो तो आमुरो रे नावाचा, लढाईत अपघातानेच ओढला गेलेला किशोरवयीन मुलगा. रडार असताना माणसाच्या आकाराची यंत्रं समोरासमोर का लढतील, या शंकेला उत्तर म्हणून रडार निकामी करणारे 'मिनोव्स्की कण' कल्पिले गेले. एवढी तजवीज केल्यावरही हे लष्करी यंत्र पांढरं, निळं, लाल आणि पिवळं का, याचं उत्तर कथेत सापडत नाही. ते बाजारात सापडतं. मालिकेला पैसा पुरवणारी क्लोव्हर ही खेळणी बनवणारी कंपनी होती, आणि दुकानाच्या फळीवर राखाडी खेळणं उठून दिसत नाही. छातीचा तो निळा आणि पोटाचा तो लाल ही प्रायोजकाची सही आहे.

ही सही उपयोगी मात्र पडली नाही. मालिकेचे 52 भाग ठरले होते, ते 43 वर आटोपले. 1980 च्या जानेवारीत शेवटचा भाग दाखवला गेला. मालिका संपल्यावर, जुलै महिन्यात बंदाई कंपनीने 300 येनचं एक छोटं किट काढलं आणि तिथून गोष्ट उलटी फिरली. पुनःप्रक्षेपणं, 1981 आणि 1982 मधले तीन संकलित चित्रपट आणि ही किटं, या तिन्हींनी एकमेकांना वर उचललं. जपानी मुलांनी 'गंडम' आणि 'प्लास्टिक मॉडेल' जोडून 'गनप्ला' असा शब्द केला. पडलेल्या नाटकाची संहिता पुस्तकरूपाने गाजावी आणि मग नाटक पुन्हा रंगमंचावर यावं, तसं हे झालं.

त्या 300 येनच्या किटकडे नीट पाहिलं पाहिजे. ते आजही अधूनमधून पुन्हा काढलं जातं, त्यामुळे ते निव्वळ आठवणीचा विषय नाही. पहिली गोष्ट म्हणजे त्याचं प्रमाण, 1/144. विमानांच्या किटांत रूढ असलेल्या 1/72 च्या निम्मं. म्हणजे 18 मीटरचा यंत्रमानव साडेबारा सेंटिमीटरचा होतो. तोवर खेळण्यातल्या यंत्रमानवाला प्रमाण नसे, आकार असे. दिवाळीत आपण अंगणात किल्ला करतो तेव्हा मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि कुणाचं काही बिघडत नाही, कारण तिथे मावळा महत्त्वाचा असतो, माप नव्हे. खोक्यावर 1/144 छापणं म्हणजे मुलाला सांगणं, की हा पुतळा नाही, हे मोजता येणारं यंत्र आहे. त्याच प्रमाणात शत्रूचा झाकूही आला. दोघं टेबलावर शेजारी उभे राहिले आणि मालिकेतलं युद्ध टेबलावर खरं झालं. माझ्या मते तोमिनोंची कल्पना पहिल्यांदा पुरतेपणी कुणाला समजली असेल, तर ती हे प्रमाण ठरवणाऱ्याला.

बाकी किट गरीबच. प्लास्टिक पांढरं, निळा, लाल, पिवळा आपण रंगवायचा. हात-पाय दोन फाकांत, सिमेंटने चिकटवायचे. चिकटवल्यावर मधोमध जी शिवण उरते ती पॉलिश पेपरने घासून घालवायची. सांधे मोजके. आणि कंबर! चित्रात गंडमच्या कमरेभोवती चिलखताच्या पट्ट्या आहेत. किट जोडणारे त्याला स्कर्ट म्हणतात. धावताना, उडी घेताना चित्रकाराने पाय वर काढला की त्या पट्ट्या कापडासारख्या वळतात. कागदावर पोलादाला वळायला काही लागत नाही. 1980 च्या किटने पट्ट्या कमरेशी घट्ट जोडून टाकल्या आणि पाय जवळपास जागीच राहिला. पुढच्या पिढ्यांनी त्या पट्ट्या तोडल्या, बिजागऱ्या लावल्या, पाय मोकळा केला. पण बिजागरीवर उचलली जाणारी पट्टी ही चित्रातली पट्टी नाही. एका प्रतीने आकार राखून हालचाल सोडली, दुसरीने हालचालीसाठी आकारात फेर केला. दोन्ही प्रती प्रामाणिक आहेत. मुळात जे अशक्य होतं त्याचा अर्थ लावताना दोघींनी वेगवेगळी किंमत मोजली, एवढंच.

या पहिल्या किटची खरी कामगिरी त्याच्या अपुरेपणात आहे. पांढरं प्लास्टिक हातात आल्यावर रंग कोणता द्यायचा हे जोडणाऱ्याला ठरवावंच लागलं, आणि एकदा ठरवायची वेळ आली की माणूस प्रश्न विचारतो. रणांगणावरचं यंत्र इतकं स्वच्छ कसं? पायांना चिखल का नाही? रणगाड्यांची मॉडेल करणाऱ्या हातांनी तीच तंत्रं इथे आणली: उडालेला रंग, गंजाचे ओघळ, तुकडीचे क्रमांक. 1981 मध्ये 'हॉबी जपान' मासिकाने 'हाऊ टू बिल्ड गंडम' हा विशेषांक काढला, त्यात हे वाचकांचं लेखन म्हणावं असं काम एकत्र आलं. मग बंदाईनेच मळकट लष्करी रंगातली 'रिअल टाइप' किटं काढली, आणि 1983 मध्ये 'मोबाइल सूट व्हेरिएशन' ही मालिका. तिच्यातली यंत्रं मूळ चित्रमालिकेत कधी दिसलीच नव्हती. ती निघाली होती या प्रश्नांतून, की युद्ध इतकं मोठं होतं तर वाळवंटातला झाकू वेगळा असेल ना, तोफ बसवलेला असेल ना? त्यांतली काही पुढे 1985 च्या 'झेटा गंडम' मालिकेत पडद्यावर आली. टीकाकारांनी समासात लिहिलेल्या टिपा पुढच्या आवृत्तीत मजकुरात शिरल्या. पाठचिकित्सेत याला प्रक्षेप म्हणतात आणि दोष समजतात. इथे प्रक्षेपानेच ग्रंथ जगला.

आता 2010 चं 'रिअल ग्रेड'. हेही 1/144, तेच साडेबारा सेंटिमीटर. दरम्यान 1990 मध्ये 'हाय ग्रेड', 1995 मध्ये मोठ्या मापाचं 'मास्टर ग्रेड' अशा पायऱ्या होऊन गेल्या होत्या. त्यांवर इथे रेंगाळत नाही. रिअल ग्रेडला एक नवा आधार मिळाला होता. 2009 च्या उन्हाळ्यात तोक्योच्या ओदाइबा भागात 18 मीटरचा, पूर्ण आकाराचा गंडम उभा केला गेला. लाखो लोकांनी त्याच्या पायाशी उभं राहून वर पाहिलं. कवचाला पडलेल्या रेघा, विमानावर असतात तशा सूचनांच्या पाट्या, पांढऱ्याच्या निरनिराळ्या छटा. अखेर मूळ प्रत सापडली असं वाटावं, असाच तो प्रकार होता. पण तो पुतळाही तीस वर्षांच्या किटांवरूनच घडला होता. मॉडेल मोठं करून उभं केलं आणि मग त्याचं मॉडेल केलं. रिअल ग्रेडने त्या पुतळ्याचा तपशील साडेबारा सेंटिमीटरांत कोंबला.

अभियांत्रिकी म्हणून हे किट थक्क करणारं आहे, हे आधी कबूल केलं पाहिजे. आतला सांगाडा एकाच साच्यातून, जोडलेल्या अवस्थेतच बाहेर येतो. चौकटीपासून तोडला की गुडघा-कोपरं हलू लागतात. त्यावर कवचाचे तुकडे चढवायचे, आणि मग नखाच्या टोकावर हरवतील असे स्टिकर. त्यांवर इंग्रजीत सावधगिरीच्या सूचना. वाचायला भिंग हवं.

माझी हरकत इथेच आहे. साडेबारा सेंटिमीटरचं मॉडेल आपण साधारण 30 सेंटिमीटरवरून पाहतो. प्रमाण 1/144 असेल तर हे खऱ्या यंत्राकडे 43 मीटरवरून पाहण्यासारखं झालं. एवढ्या अंतरावरून कुणाला सूचनेची पाटी वाचता येते? मॉडेलवर 0.2 मिलिमीटर रुंदीची खाच कोरली, तर प्रत्यक्षात ती कवचातली जवळपास तीन सेंटिमीटरची फट होते. तळहात आत जाईल अशा फटी अंगभर असलेलं यंत्र युद्धावर कोण पाठवेल? म्हणजे ज्या तपशिलाच्या नावावर 'रिअल' हा शब्द खोक्यावर येतो, तो तपशील प्रमाणाच्या हिशोबात टिकत नाही. 1980 च्या गुळगुळीत, अडाणी वाटणाऱ्या पायाने 43 मीटरवरचं दृश्य जास्त खरेपणाने दाखवलं होतं. रिअल ग्रेड ही प्रत्येक शब्दावर तळटीप असलेली आवृत्ती आहे. अभ्यासकाला ती जवळ असावीशी वाटेल, पण कविता वाचायला कुणी ती उघडणार नाही. आणि तळटिपा तरी कशाच्या? कुणीच लिहून न ठेवलेल्या मजकुराच्या.

वजनाचा हिशोबही करून पाहिला. 1/144 प्रमाणात घनफळ 144 गुणिले 144 गुणिले 144, म्हणजे सुमारे 30 लाख पटींनी घटतं. 43.4 टनांचा गंडम या हिशोबाने साडेचौदा ग्रॅमचा व्हायला हवा. शस्त्रं-इंधनासह 20 ग्रॅमचा. आतून बराचसा पोकळ असलेला हा प्लास्टिकचा देहसुद्धा त्याहून जड भरतो. दुसऱ्या बाजूने पाहा: सहा फुटी, 70 किलोचा माणूस दहापट उंच केला तर 70 टनांचा होईल. म्हणजे गंडम हाडामांसाहून हलका. मालिका सांगते की तो एका काल्पनिक धातूचा आहे, ठीक आहे. पण या आकड्यांवर निष्ठा ठेवून कुठलंही किट 'अचूक' होऊ शकत नाही, कारण आकडेच वजनाचा भास देण्यासाठी लिहिलेले आहेत. अचूकतेचा दावा करणाऱ्या किटांकडे म्हणूनच जरा संशयाने पाहावं.

2020 च्या डिसेंबरमधलं 'एंट्री ग्रेड' यापुढे फार साधं दिसतं. किंमत 700 येन. निपर नको, सिमेंट नको, रंग नको, स्टिकर नको. तुकडे चौकटीतून हाताने, बोटाच्या दाबाने सुटतात. ही गोष्ट सांगायला सोपी आहे, करायला महाकठीण. प्लास्टिकचा तुकडा ज्या देठाने चौकटीला जोडलेला असतो तो इतका नाजूक हवा की लहान मुलाने मोडावा, आणि इतका जाड हवा की साच्यात वितळलेलं प्लास्टिक त्यातून पुढे सरकावं. डोळ्यांचा पिवळा रंगसुद्धा वेगळ्या तुकड्याने साधलेला आहे. पोटरीच्या दोन फाका जिथे मिळतात तिथे शिवण दिसत नाही, कारण सांध्याची जागाच नक्षीच्या रेघेत नेऊन ठेवली आहे. 1980 च्या मुलाने पॉलिश पेपर घेऊन जे तासभर केलं असतं, ते साचा कोरणाऱ्याने आधीच करून ठेवलं. तास-दीड तासात यंत्र उभं राहतं. अंगावर रेघा मोजक्या. ओकावारांच्या रेखाटनात होत्या जवळपास तेवढ्याच. 43 मीटरवरून दिसावं, तेवढंच दिसतं.

याच्यावर आक्षेप येतो तो असा, की यात जोडणाऱ्याने केलं काय? आक्षेप हलका नाही. आपल्याकडे आकाशकंदील घरी करण्याच्या काड्या-कागदांची जागा उघडून टांगायच्या कंदिलाने घेतली तेव्हा हाच प्रश्न होता. सोय वाढली की हाताला येणारं शहाणपण कमी होतं, हे खरंच आहे. एंट्री ग्रेड जोडून कुणी रंगाचा थर किती पातळ हवा हे शिकणार नाही. पण एक गोष्ट मात्र शिकतो. सूचनापत्रिकेत शब्द जवळपास नाहीत. चित्र, बाण, चौकटीचं अक्षर आणि तुकड्याचा क्रमांक. त्या क्रमाने जात असताना खांदा छातीत कसा बसतो, गुडघ्याला दोन ठिकाणी वळण का द्यावं लागतं, हे बोटांना कळतं. मेकॅनो खेळलेल्या पिढीला ही जाणीव ओळखीची वाटेल, फरक एवढाच की मेकॅनोच्या पट्ट्यांतून काहीही होत असे आणि या तुकड्यांतून एकच गोष्ट होते. किट जोडणं हे लेखनापेक्षा मोठ्याने वाचण्याच्या जवळचं आहे, आणि मोठ्याने वाचणं ही कमी प्रतीची कला नाही.

तरीही 1980 च्या किटने जे घडवलं ते एंट्री ग्रेड घडवेल असं मला वाटत नाही. ज्या शिवणीवर पहिल्या पिढीचा हात अडला तीच आता लपली आहे, आणि अडलेल्या हातानेच तर विशेषांक लिहिले होते. बंदाईलाही ही रुखरुख जाणवली असावी, कारण अलीकडे तिने 1980 च्या किटचाच आकार घेऊन, पण रंगीत प्लास्टिकमध्ये आणि सिमेंटशिवाय जोडता येईल असं 'रिव्हायव्हल' किट काढलं. म्हणजे कधीच नसलेल्या यंत्राचं मॉडेल, आणि त्या मॉडेलचं मॉडेल. सांधे त्या काळचे, अवघडलेपण त्या काळचं, कष्ट मात्र आजचे. मला हे सगळ्यांत कमी आवडतं. अपुरेपणाची नक्कल करता येते, पण अपुरेपणाने करायला लावलेलं काम वगळलं की उरते फक्त ओबडधोबड कंबर.

ही किटं ताडून पाहायला एक कसोटी मात्र आपोआप मिळालेली आहे, आणि ती उंची-वजनात नाही, मालिकेच्या शेवटच्या भागात आहे. तिथे गंडमचं डोकं उडालेलं आहे, डावा हात नाही, आत आमुरोही नाही. ते धड उजवा हात सरळ वर करून आपली शेवटची गोळी झाडतं. या यंत्राची सगळ्यांत प्रसिद्ध मुद्रा ही अशी मोडक्या देहाची आहे, आणि जवळपास प्रत्येक गंडमचा मालक एकदा तरी ती लावून पाहतो. 1980 चं किट चिकटवून, घासून, रंगवून झालं असेल तर त्याचा हात उपटायचा धीर होत नाही. शिवाय खांदा तितका वर जात नाही. रिअल ग्रेडचा हात सरळ वर जातो, पण तिथवर नेताना कवचाचा एखादा बारीक तुकडा बोटांना अडकतो, आणि उघड्या पडलेल्या मानेच्या खोबणीतही आणखी यंत्र दिसत राहतं. एंट्री ग्रेडचं डोकं चिमटीत धरून ओढलं की निघतं, डावा हात तसाच. उजवा हात वर करायचा, मनगट थोडं मागे वळवायचं, डावा पाय किंचित पुढे. मुद्रा बसते. हवं तेव्हा डोकं परत लावता येतं.